कॅसेटीत फुंकर मारण्याचा काळ: चंद्रपूर-गडचिरोलीतून दिसणारा व्हिडिओ गेमचा धंदा

व्हिडिओ गेमचा इतिहास कुठेही वाचायला घेतला की तो ठरलेल्या वळणांनी जातो. आधी अटारी आली, मग १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला, निंटेंडोने तो पुन्हा उभा केला, पुढे सेगा आणि सोनी. यातलं काही खोटं नाही. पण नव्वदच्या दशकात चंद्रपूर, बल्लारपूर किंवा वडसा इथे वाढलेल्या माणसाला त्यात आपलं काहीच सापडत नाही. त्याच्या आठवणीत असते ती पिवळी नाहीतर काळी 'कॅसेट', टीव्हीच्या मागे खुपसलेली अँटेनाची वायर, नेमकी शेवटच्या लेव्हलला गेलेली लाइन आणि 'आता माझा नंबर' यावरून झालेली मारामारी. डब्यावर निंटेंडोचं नावही नसायचं.

ही आठवण मूळ धंद्याच्या सावलीत वाढलेल्या दुसऱ्याच एका धंद्याची आहे. तो कसा चालला आणि त्यातलं आज काय उरलंय, ते पाहू.

अमेरिकेत दिवाळं, इकडे वीजनिर्मितीचा मुहूर्त

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. पुढच्या वर्षी दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आणि नेमक्या याच १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा गाळात गेला.

कारण साधं होतं. अटारीच्या यंत्रासाठी गेम कोणीही बनवू शकत होतं आणि बाजारात उतरवू शकत होतं. दर्जा पाहणारं कोणी नव्हतं. दुकानं भरली, ग्राहक कंटाळले, न खपलेला माल परत जाऊ लागला. 'ई.टी.' चित्रपटावरचा गेम तर नाताळाच्या आत बाजारात आणायचा म्हणून सुमारे पाच आठवड्यांत उरकला होता. तो इतका पडून राहिला की अटारीने बाकीच्या मालासोबत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावच्या कचरा डेपोत पुरला. अनेक वर्षं लोक ही दंतकथाच समजत. २०१४ मध्ये खोदकाम झालं तेव्हा सुमारे १,३०० कॅसेट खरोखर बाहेर निघाल्या. अमेरिकेतली घरगुती गेमची उलाढाल सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५ पर्यंत १० कोटी डॉलरवर आली होती.

त्याच जुलैमध्ये, १९८३ ला, निंटेंडोने जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजे 'फॅमिकॉम' विकायला काढला. १९८५ मध्ये हाच संच वेगळ्या डब्यात, 'एनईएस' या नावाने, अमेरिकेत गेला. जाताना निंटेंडोने अटारीच्या अनुभवातून धडा घेऊन त्यात कुलूप बसवलं. संचात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचं जुळलं तरच गेम सुरू होणार. म्हणजे निंटेंडोच्या परवानगीशिवाय गेम चालणार नाही.

जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. आपल्याकडे जे काही आलं ते या उघड्या राहिलेल्या दारातून आलं.

डब्यात नेमकं काय होतं?

तैवान आणि हाँगकाँगमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमची नक्कल बनवायला सुरुवात केली. आधी मूळ यंत्रासारखे वेगवेगळे सुटे भाग वापरले जात. नंतर सगळं यंत्रच एका चिपमध्ये मावू लागलं. तुम्ही असा एखादा डबा उघडला असेल तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसला असेल. ती चिप आणि तिच्यावर ओतलेलं राळेसारखं रसायन. बाकी डबा जवळपास रिकामा. वजन यावं म्हणून काही डब्यांत लोखंडाची पट्टीही असायची.

एकदा आतलं इतकं स्वस्त झालं की बाहेरचा आकार काहीही देता येतो. म्हणून कुठला डबा सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा दिसे, पुढे पुढे तर प्लेस्टेशनसारखाही, आत मात्र तोच १९८३ चा फॅमिकॉम. भारतात 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावं चालली. निंटेंडोने स्वतःची कंपनी काढून भारतात दुकान मांडलं नाही. मारिओ घरोघरी पोचला, त्याचा मालक नाही पोचला.

हा माल मुंबईत उतरायचा, तिथून नागपूर आणि मग सुमारे दीडशे किलोमीटर पुढे चंद्रपूर. पहिलं गिऱ्हाईक साहजिकच पगारदार घरं: ऊर्जानगरची वसाहत, वेकोलिच्या कॉलन्या, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीचा आयुध कारखाना. महिन्याच्या एक तारखेला पगार आणि दिवाळीला बोनस असणाऱ्या घरातच असली चैन शक्य होती. बाकीची मुलं त्या घराच्या दारात. एका संचाला दोन रिमोट आणि खेळणारे दहा, हा हिशेब तेव्हाच्या प्रत्येक गल्लीत सारखाच असायचा.

९९९९ गेम, त्यातले खरे किती?

कॅसेटवर छापलेलं असे '९९९९ इन १'. काहींवर नवांची रांग याहून लांब. प्रत्यक्षात खरे गेम पाच-दहा, फार तर काही डझन. बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. कुठे मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे त्याचे कपडे वेगळ्या रंगाचे, कुठे 'बॅटल सिटी'चा रणगाडा आधीपासूनच तारा खाऊन बसलेला. ही सरळ फसवणूक होती, आणि ती सगळ्यांना चांगलीच ठाऊक होती. तरी यादी खाली सरकवत '५८७ नंबरला काहीतरी नवीन आहे' अशी खबर पोरं शाळेत आणायचीच.

यात एक तांत्रिक गंमत आहे. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' (सप्टेंबर १९८५) अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा एक फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला निंटेंडोने काय काय केलं पाहा: मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. असे छोटे गेम एका चिपवर ढिगाने बसतात. म्हणून त्या कॅसेटींत 'बॅटल सिटी', 'सर्कस चार्ली', 'रोड फायटर', 'डक हंट' हमखास असायचे, आणि जवळपास दहापट मोठा 'मारिओ ३' सहसा नसायचा. आपल्या पिढीची आवड अशी चिपच्या आकाराने ठरवली.

'कॉन्ट्रा' (आर्केडला १९८७, फॅमिकॉमवर १९८८) मधल्या जागेतला. तो बहुतेकांना पूर्ण करता आला तो तीस जीव मिळवून. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ही युक्ती मुळात 'ग्रॅडियस' या गेमसाठी घातली होती, कारण तपासताना तो त्यांनाच अवघड जात होता. इंटरनेट नसताना ही ओळ ओसाका-टोकियोकडून चंद्रपूरच्या शाळेपर्यंत तोंडी पोचली. लोककथा याहून वेगळ्या वाटेने पसरत नाहीत.

तुमचा मारिओ हळू पळायचा

आता एक गोष्ट, जी ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, भारतातला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. त्या काळातले गेम घड्याळावर चालत नसत, चित्रांच्या संख्येवर चालत. त्यामुळे ५० च्या टीव्हीसाठी बनवलेल्या संचावर सगळा खेळ साधारण एक-षष्ठांश हळू व्हायचा. मारिओची उडी, शत्रूची चाल, अगदी गाण्याची लयसुद्धा. आज यूट्यूबवर मूळ मारिओ पाहून 'हा इतका घाईत का आहे?' असं वाटत असेल, तर त्याचं कारण बहुधा हे. चूक तुमच्या आठवणीची नाही, टीव्हीच्या पद्धतीची आहे.

बदकं मारायच्या बंदुकीचंही असंच. त्या बंदुकीतून काही सुटत नव्हतं, उलट ती बघत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. नळीतल्या प्रकाश-संवेदकाला आधी अंधार, मग उजेड दिसला तर नेम लागला. आधी काळा पडदा यासाठी, की कोणी शहाणा बल्बकडे बंदूक रोखून बदकं मारू नये. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे जुनी बंदूक त्यावर चालत नाही. कितीही जवळ गेलात तरी.

आणि फुंकर? कॅसेट काढायची, जोरात फुंकायची, परत बसवायची. जगभरच्या मुलांनी स्वतंत्रपणे शोधलेला हा उपाय. गेम बहुतेकदा सुरू व्हायचा तो कॅसेट पुन्हा बसवल्यामुळे, कारण पट्टीचा संपर्क नव्याने जुळायचा. फुंकरीतल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या हळूहळू खराबच होत. निंटेंडोने 'फुंकू नका' असं सांगितलंही होतं. ऐकतो कोण.

लाइन गेली की

या भागाची गोष्ट विजेशिवाय पूर्ण होत नाही. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी ते एक. आणि तरी २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची, त्यात वीज केंद्राच्या धुराड्याच्या छायेतली खेडीही आली. राख इथली, उजेड मुंबई-पुण्याचा, ही तक्रार इथे पिढ्यांपासून ऐकू येते आणि ती रास्त आहे.

त्या संचांत खेळ साठवून ठेवायची सोय नसायची. लाइन गेली की आठव्या जगातला मारिओ परत पहिल्या जगात. म्हणून खेड्यांत खरं राज्य केलं ते दुसऱ्याच एका यंत्राने: हातात मावणारा 'ब्रिक गेम'. दोन पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालणारा, राखाडी पडद्याचा, त्याच्यावरही '९९९९ इन १' लिहिलेलं. त्यातला मुख्य खेळ म्हणजे मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये बनवलेल्या 'टेट्रिस'ची नक्कल. सोव्हिएत संगणक केंद्रातला खेळ चिनी कारखान्यातून यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात. टीव्ही नको, वीज नको, अँटेना नको. इतिहासाच्या पुस्तकांत या डबीला जेमतेम एक ओळ मिळते. मला विचाराल तर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतला पहिला व्हिडिओ गेम हाच.

खरा माल आला तेव्हा

अधिकृत मार्गाने येण्याचा एक प्रयत्न १९९५ च्या सुमारास झाला. सेगाने शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला. आयात कर ८० टक्के होता, त्यातून वाट काढायला हा करार. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये. तेव्हाच्या साध्या सरकारी नोकराचा हा कित्येक महिन्यांचा पगार. नकली माल का जिंकला, हे यापुढे वेगळं सांगायला नको.

जगात मग सोनीने बाजार ताब्यात घेतला आणि २००१ मध्ये सेगाने गेमची यंत्रं बनवणंच सोडलं. आपल्याकडे याचा फारसा आवाज झाला नाही, कारण तोवर पोरं सायबर कॅफेत जाऊन बसली होती. तिथे 'रोड रॅश', 'आयजीआय', 'व्हाइस सिटी', 'काउंटर-स्ट्राइक' तासाच्या भाड्याने. ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. हौशी मुलांनी मात्र तो मरू दिला नाही. नवे खेळाडू, नव्या जर्सी, आयपीएलचे संघ घालून तो ते आजतागायत चालवताहेत. मालकाने सोडून दिलेला गेम खेळणाऱ्यांनी जगवल्याचं याहून चांगलं उदाहरण भारतात नाही.

गडचिरोलीच्या पोरांचा 'जुना गेम' कोणता?

वर सांगितलेली गोष्ट मुख्यतः चंद्रपूरची आणि रस्त्यालगतच्या गावांची. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल, रेल्वे स्टेशन म्हणाल तर वर्षानुवर्षं एकटं वडसा. भामरागड, एटापल्लीकडच्या कित्येक गावांत वीजच एकविसाव्या शतकात पोचली. तिथे कॅसेटचा काळ आलाच नाही, सायबर कॅफेचाही नाही. पहिला पडदा आला तो मोबाइलचा, आणि २०१६ ला जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर जिथे टॉवरची रेंज पोचली तिथे पहिला मोठा गेम आला तो पबजी किंवा फ्री फायर. फ्री फायर जास्तच, कारण तो साध्या फोनवरही चालायचा.

आता यांच्या आठवणीचं काय होतं पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला त्याचा सर्व्हर भारतासाठी बंद झाला. जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा ॲप स्टोअरवरून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. सप्टेंबर २०२३ ला 'फ्री फायर इंडिया' येणार असं जाहीर झालं आणि ऐनवेळी पुढे ढकललं गेलं. बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यावर वेगळा लेख होईल. इथे मुद्दा निराळा आहे.

१९९३ ची नकली कॅसेट आजही माळ्यावरून काढून चालवता येते. २०१९ चा पबजी, म्हणजे ते नकाशे, ती बंदूक, ते चौघे मित्र ज्या रूपात खेळले तो नेमका गेम, आज कुठेही मिळत नाही. तो फोनमध्ये नव्हताच, सर्व्हरवर होता. ज्या मुलांच्या आयुष्यातला हा पहिला व्हिडिओ गेम, त्यांच्या हातात वीस वर्षांनी दाखवायला काही नसेल.

हे फक्त जंगलातल्या जिल्ह्यांपुरतं नाही. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तर २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतरीत्या मिळतच नाहीत असं आढळलं. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा गेम मार्च २०२४ अखेर बंद केला, तेव्हा तो पैसे मोजून घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाकडे दिलेल्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी इतकीच, की कंपनीने सर्व्हर बंद करताना विकलेला गेम चालू राहील अशी काही सोय ठेवावी.

धंदा आज कुठे आहे?

चढउतार संपलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६,९०० कोटी डॉलरला घेतली आणि तीनच महिन्यांनी गेम विभागातले १,९०० लोक काढले. दुसरीकडे जुन्या आठवणींचा बाजार तेजीत आहे. निंटेंडोने २०१६ मध्ये ३० जुने गेम भरलेला छोटा एनईएस काढला, तर २० लाखांहून अधिक विकला गेला. न उघडलेल्या 'सुपर मारिओ ६४' ला २०२१ च्या लिलावात १५.६ लाख डॉलर मिळाले. आपल्या '९९९९ इन १' ला भंगारवाला किती देईल ते तुम्हीच पाहा.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेमना मान्यता दिली. ड्रीम-इलेव्हनसारख्या मुंबईच्या कंपनीला पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. बातम्यांत या सगळ्याला सरसकट 'गेमिंग' म्हणतात, पण रमीचा पैसा आणि मारिओची उडी हे दोन वेगळे धंदे आहेत.

आणि एक वर्तुळ पुण्यात पुरं झालं. तिथल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' नावाचा गेम बनवला. २०१७ ला त्यासाठी लोकवर्गणी मागितली होती, ती जमली नाही. गेम तरीही पूर्ण झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी कुठे आला, तर निंटेंडोच्या 'स्विच'वर. जी कंपनी आपल्याकडे दुकान मांडायला आली नाही, तिच्या यंत्रावर मराठी मुलखातला गेम.

माळ्यावर जुना संच असेल तर

लगेच प्लग लावू नका. जुन्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय आणि डब्यावर किती, ते जुळतं का पाहा; या संचांचे अडॅप्टर एकमेकांसारखे दिसतात पण एकसारखे नसतात. कॅसेटची पट्टी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. फुंकू नका. जुना काचेचा टीव्ही बंद असला तरी आत धोकादायक दाब साठलेला असू शकतो, तो घरी उघडू नये. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन नसेल तर एव्ही ते एचडीएमआय रूपांतरक मिळतो, चित्र थोडं गढूळ दिसेल.

संगणकावर इम्युलेटर चालवणं हा दुसरा मार्ग. इम्युलेटर बेकायदा नाही, पण इंटरनेटवरून उतरवलेला गेम हा हक्कभंग ठरतो. भारतीय कायद्यात संगणक प्रणालीला साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे आणि 'कंपनीच बंद पडली, आता गेम सगळ्यांचा' असं तो मानत नाही. आपल्याकडे कायदेशीररीत्या असलेल्या प्रतीची सुरक्षिततेसाठी नक्कल ठेवायला मात्र त्यात परवानगी आहे. नकली कॅसेट ही मुळातच कायदेशीर प्रत नाही, ही यातली अडचण.

तरी एक गोष्ट करता येते आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. या नकली मालाची नोंद कुठल्याही कंपनीच्या दप्तरात नाही, त्यामुळे कोणता डबा कुठे आणि कधी विकला गेला याचा पुरावा तुमच्या माळ्यावरच आहे. डब्याचे, आतल्या पट्टीचे, गेमच्या यादीचे फोटो काढून ठेवा. कॅसेटच्या मागे दुकानाचा शिक्का किंवा पेनाने लिहिलेली किंमत असेल तर साफ करताना ती पुसली जाणार नाही, एवढं बघा.